वाचकांचे प्रश्न : ईजीआर व्हॉल्व्ह बदलण्याआधी तीन तारा मोजा

पाऊस सुरू झाला की या सदराकडे चेक इंजिनच्या पिवळ्या लाइटची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत आणि जवळपास प्रत्येकाला गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकवलं गेलंय : 'एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा सेन्सर गेलाय.' हे वाक्य किमान तीन वेगळ्या भागांबद्दल बोललं जातं. त्यामुळे कोड नंबर कळवल्याशिवाय कुणी प्रश्न पाठवू नये ही विनंती. ज्यांनी कळवलाय त्यांची उत्तरं खाली, शेवटी दोन सर्वसाधारण प्रश्न.

प्रश्न : माझी २०१६ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक आहे, एमएच-०४ पासिंग, १,१०,००० किलोमीटर झालेत. कासारवडवली ते तीन हात नाका असं रोजचं जाणं-येणं. महिन्यापूर्वी चेक इंजिन लाइट लागली, पिकअपही थोडा कमी झाला. स्कॅनरवर पी ०४०५ आला. गॅरेजवाल्याने अख्खा ईजीआर व्हॉल्व्ह बदलावा लागेल असं सांगून अठरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. नुसता सेन्सर मिळत नाही म्हणतो. काय करू?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : कदाचित व्हॉल्व्ह बदलावा लागेलही. पण पी ०४०५ म्हणजे 'व्हॉल्व्ह खराब' नव्हे. व्हॉल्व्हची जागा कळवणाऱ्या तारेवरचं व्होल्टेज मर्यादेच्या खाली गेलंय, एवढंच तो कोड सांगतो. ते का गेलं हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळत नाही, ते मल्टिमीटर लावूनच शोधावं लागतं. एस्टिमेट देण्याआधी मीटर लावला होता का, हा पहिला प्रश्न तुम्ही गॅरेजवाल्याला विचारा.

ईजीआर व्हॉल्व्ह जळून गेलेल्या वायूचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडतो. त्यामुळे सिलिंडरमधलं जळण थोडं थंड होतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. व्हॉल्व्ह किती उघडलाय हे त्याच्याच टोपणात बसवलेला पोझिशन सेन्सर सांगतो. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला बहुधा पाच पिनांचा कनेक्टर असतो : दोन पिना मोटरच्या, तीन सेन्सरच्या. या तिनांतल्या एकीवर ईसीयूकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी सेन्सरची अर्थ (अर्थिंगची तार) आणि तिसरी सिग्नल. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात जसा एक ब्रश पट्टीवरून सरकतो, बऱ्याच व्हॉल्व्हांत तसंच आतलं काम. व्हॉल्व्ह बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते १.२ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ व्होल्टच्या आसपास. काही गाड्यांत हे उलटं असतं. म्हणून गाडीचा वायरिंग डायग्राम हाताशी हवा, आणि पिनांचे नंबर त्यातूनच घ्यायचे. तारेच्या रंगावरून अंदाज बांधला की मोटरच्या १२ व्होल्टवाल्या पिनेवर हात जातो आणि मग अठरा हजारांत भागत नाही.

सुरुवात स्कॅनरपासून करा. पी ०४०५ एकटाच आहे की सोबत पी ०६४२ किंवा पी ०६५२ असा सेन्सरच्या ५ व्होल्ट लाइनचा कोड आहे? असेल तर ईजीआरला हात लावूच नका. ही ५ व्होल्टची लाइन अनेकदा दोन-तीन सेन्सरांत वाटलेली असते, आणि त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज खाली ओढतो. चावी ऑन ठेवून मीटर त्या लाइनवर लावा आणि सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा कनेक्टर काढताच मीटर ५ वर उडी मारतो तो दोषी.

कोड एकटा असेल तर इग्निशन बंद करा, दोनेक मिनिटं थांबा आणि मग ईजीआरचा कनेक्टर काढा. थांबायचं कारण असं की बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावर ईसीयू काही सेकंद व्हॉल्व्ह पूर्ण हलवून बघतो, तशी घरघर ऐकूही येते. मध्येच कनेक्टर ओढला तर नवा कोड पदरात पडतो. कनेक्टर उजेडात धरून आत बघा. पिनेच्या बुडाशी हिरवट भुकटी, मागे ढकलली गेलेली पिन, फाटलेलं रबरी सील, आतून आलेलं तेल, यांतलं काहीही पुरेसं आहे. खाडीकाठची दमट हवा आणि पाणी भरलेल्या रस्त्यांतून गेलेली गाडी, दोन्हींचा परिणाम आधी इथे दिसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. पॉलिश पेपरने पिना घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि चार महिन्यांत तोच त्रास परत येतो.

आता कनेक्टर उघडाच ठेवून चावी ऑन करा, इंजिन बंद. हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या तारांच्या, बाजूला मोजायचं :

पाच व्होल्टच्या पिनेवर, बॅटरीच्या निगेटिव्हशी तुलना करून, ४.९ ते ५.१ यायला हवेत. मग मीटरची काळी सुई बॅटरीवरून काढून सेन्सरच्या अर्थ पिनेवर ठेवा. आकडा तोच राहिला तर अर्थ ठीक आहे. पाच व्होल्ट येतच नसतील तर सेन्सर निर्दोष आहे, शोध वायरिंगमध्ये घ्यायचा. इथे बल्बवाला टेस्टर कधीही वापरू नका. बारा व्होल्टचा छोटा बल्बही इतका करंट ओढतो की ईसीयूचा ५ व्होल्टचा पुरवठा बसू शकतो. गॅरेजमध्ये ही सवय अजून सुटलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन्ही तारा ठीक असतील तर निकाल लावणारी चाचणी ही : १ किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या आणि त्यातून ५ व्होल्टची पिन सिग्नलच्या पिनेला जोडा. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ईजीआर सेन्सरचं व्होल्टेज ५ च्या जवळ गेलं आणि कोड पी ०४०५ ऐवजी पी ०४०६ झाला, तर तार आणि ईसीयू दोघेही बरोबर आहेत, सेन्सर गेलाय. आकडा शून्यावरच बसून राहिला तर सिग्नलची तार कुठेतरी तुटलीय किंवा बॉडीला शॉर्ट आहे. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि ईसीयूचा कनेक्टर काढून त्या तारेचा रेझिस्टन्स बघा : टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आत हवा, आणि तार ते बॉडी मीटरने कुठलाही जोड दाखवायला नको. तार बहुधा जिथे मेटलच्या क्लिपखाली किंवा ब्रॅकेटच्या कडेवर घासते तिथे सोललेली सापडते.

सेन्सर गेल्याचं असं सिद्ध झालं तर मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर ठरतं. अनेक मॉडेलांत सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपणात कायमचा बसवलेला असतो आणि कंपनी तो सुटा देत नाही. चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घ्या. बाहेरून सारखे दिसणारे व्हॉल्व्ह आतून वेगळ्या व्होल्टेजचे असू शकतात.

प्रश्न : बीएस ६ डिझेल एसयूव्ही, दीड वर्ष झालं, नेरूळ ते महापे रोजचा प्रवास. सकाळी गाडी उत्तम. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये ४० मिनिटं झाली की लाइट लागते, गाडी जोर धरत नाही. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. कोड पी ०४०४. आता डीपीएफची (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरची) लाइटही लागू लागलीय. कोड दोनदा उडवून झाला.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कोड उडवणं थांबवा. प्रत्येक वेळी त्यासोबतचा फ्रीझ फ्रेमही पुसला जातो, आणि त्यातच कूलंटचं तापमान, आरपीएम, लोड असा बिघाडाच्या क्षणाचा पंचनामा असतो. गाडी वॉरंटीत आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला पुढची माहिती लेखी द्या आणि हेच तपासून मागा.

पी ०४०४ आणि पी ०४०५ यांत मोठा फरक आहे. पी ०४०५ला व्होल्टेजच अशक्य असतं. पी ०४०४मध्ये व्होल्टेज शक्य कोटीतलं असतं, पण हुकुमाशी जुळत नाही : ईसीयू म्हणतो ३० टक्के उघड, सेन्सर म्हणतो १२ टक्केच उघडलाय. खोटं कोण बोलतंय, अडकलेला व्हॉल्व्ह की बिघडलेला सेन्सर, हे ठरवायला एक ग्राफ पुरतो. स्कॅनरवर तीन गोष्टी एकत्र रेकॉर्डला लावा : दिलेला ईजीआर हुकूम, प्रत्यक्ष स्थिती, आणि सेन्सरचं व्होल्टेज. मग गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत न्या. मेकॅनिकला सोबत घ्या, स्कॅनर तो बघेल. चालवणाऱ्याने बघू नये.

हुकूम वर-खाली होतोय पण व्होल्टेजची रेघ सपाट, किंवा उशिरा आणि रेंगाळत मागे येतेय, तर व्हॉल्व्ह काजळीने अडकतोय. हुकूम स्थिर आहे आणि रेघ मात्र करवतीसारखी उड्या मारतेय, तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा तारेत. मोटर, गिअर आणि झडप यांना वजन असतं. एका क्षणात १० वरून ९० टक्क्यांवर जाऊन परत येणं त्यांना जमणारच नाही. इतकी चपळ हालचाल फक्त विजेची. तिसरी शक्यता अशी की हुकूम आणि स्थिती तंतोतंत जुळतात तरी गाडी रडते. तेव्हा कोड बहुधा पी ०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) असतो आणि दोष व्हॉल्व्हचा नसून हा वायू थंड करणाऱ्या ईजीआर कूलरचा किंवा नळीचा, आतून काजळीने बुजलेल्या.

गरम झाल्यावरच अडकण्याला कारण आहे. काजळीत इंजिनमधल्या तेलाची वाफ मिसळली की डांबरासारखा चिकट थर तयार होतो. झडपेचा दांडा तापून किंचित फुगतो, त्या थरात रुततो, आणि तापलेल्या मोटरचा जोरही कमी झालेला असतो. उलट सेन्सरच्या आत सोल्डरला तडा असेल तरी तोही तापल्यावरच उघडतो. म्हणून थंड गाडीवर केलेली ॲक्च्युएटर टेस्ट (स्कॅनरने व्हॉल्व्ह हलवून बघणं) 'पास' आली तर तिला किंमत नाही. टेस्ट गरम असतानाच करायची.

व्हॉल्व्ह काढून साफ करायची वेळ आली तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. ईजीआर कूलरचं पाणी व्हॉल्व्हमधूनही फिरत असेल तर कूलंट सांडेल, ते मोजून परत भरावं लागतं आणि हवा काढावी लागते. व्हॉल्व्ह धरताना मोटरची बाजू वर, काजळीचं तोंड खाली. क्लीनर फवारून १५-२० मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या ब्रशने किंवा लाकडी पट्टीने काढा. तारेचा ब्रश झडपेच्या बैठकीवर ओरखडे पाडतो. सगळ्यात महागडी चूक म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घालून झडप ढकलणं. बऱ्याच व्हॉल्व्हांत आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात, दात तुटतात, आणि साफसफाईला आलेली गाडी नवा व्हॉल्व्ह घेऊन जाते. झडप हलवायची ती स्कॅनरने. गॅस्केट नवीनच लावा. जुनं फिसकारलं की बॉनेटखाली काळा फवारा दिसतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच घट्ट करायचे. एम ६ असतील तर हा आकडा साधारण १० न्यूटन मीटर असतो, म्हणजे हाताला वाटतं त्यापेक्षा कमी.

यानंतर स्कॅनरमधलं ईजीआर लर्निंग करणं विसरू नका. काजळी निघाल्यावर झडपेची 'बंद' जागा बदलते. ईसीयू जुन्या जागेशीच तुलना करत राहिला तर आठवड्यात पी ०४०४ हजर, आणि मग 'साफ करून उपयोग नाही' असं म्हणून व्हॉल्व्ह बदलला जातो.

डीपीएफची लाइट हे याचंच पिल्लू. झडप उघडी अडकली की सिलिंडरमध्ये स्वच्छ हवा कमी जाते, धूर जास्त होतो आणि डीपीएफ लवकर भरतो. शिवाय ईजीआरचा कोड पडलेला असताना बऱ्याच गाड्यांचा ईसीयू रीजनरेशनच, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळणंच, रोखून धरतो. म्हणून ईजीआर आधी, डीपीएफ नंतर. दुरुस्तीनंतर टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवून २०-२५ मिनिटं न थांबता गाडी चालवा. पाम बीच रोड यासाठी चालत नाही, सिग्नल आडवे येतात. कळंबोलीहून एक्स्प्रेसवे पकडा किंवा अटल सेतूवर जा, अर्थात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा पाळून. निघण्याआधी इंजिन ऑइलची डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर चढली असेल तर अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधलं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. अशा वेळी आधी ऑइल बदला, मगच गाडी पळवा.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडली. इलेक्ट्रिशियनने जोडून दिली. कोरड्या दिवसात सगळं ठीक, जोराचा पाऊस आला की पी ०४०६. सेन्सर बदलू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका बदलू. पावसाबरोबर येणारा-जाणारा दोष जोडात आहे. पी ०४०६ म्हणजे सिग्नल फार वर. सेन्सरची अर्थ तुटली किंवा गंजून कमजोर झाली की सिग्नलला खाली ओढणारं काही उरत नाही आणि तो ५ व्होल्टकडे चढतो. दुसरी शक्यता : पिळून नुसती टेप गुंडाळलेले दोन जोड शेजारी-शेजारी असतील तर ओल शिरून ५ व्होल्ट सिग्नलमध्ये झिरपतात.

कनेक्टर लावलेलाच ठेवा, चावी ऑन करा, मागच्या बाजूने बारीक पिन घालून सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधलं व्होल्टेज बघा. ०.१ व्होल्टच्या वर असेल तर चोर सापडला. मग लाइव्ह डेटा समोर ठेवून जोडावर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा, तार हलवा. आकडा जिथे उडतो तिथेच टेप उघडा. आत तांब्याचा रंग काळा पडलेला दिसेल. काळी तार सोल्डर घेत नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापावी लागते आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घालावा लागतो. तीन तारांचे जोड एका रेषेत ठेवू नका, एकमेकांपासून ३-४ सेंटिमीटर मागे-पुढे ठेवा. सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, त्यावर पन्हाळी स्लीव्ह, आणि सगळं एक्झॉस्टपासून लांब बांधलेलं. काही जण जोडावर खिडकीचं सिलिकॉन थापतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. बाहेरून जोड मजबूत दिसतो, आतून हिरवा होत जातो.

प्रश्न : पेट्रोल सेडान. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. मेकॅनिक म्हणतो 'एक्झॉस्टचा पोझिशन सेन्सर', कोड पी ०३६५.
— एक वाचक, खारघर

उत्तर : याचा ईजीआरशी संबंध नाही. हा बहुधा एक्झॉस्ट कॅमशाफ्टचा पोझिशन सेन्सर. तारा यालाही बहुधा तीनच, पण पुरवठा ५ किंवा १२ व्होल्ट आणि सिग्नल चौकोनी ठोक्यांचा, त्यामुळे वरच्या मोजमापांचा आकडा इथे लावू नका. चालू इंजिनवर साधा मीटर मधलाच काहीतरी आकडा दाखवतो, त्यावरून काही ठरत नाही. ऑसिलोस्कोप लागतो. कनेक्टरमध्ये तेल चढलंय का तेवढं स्वतः बघा. सोबत पी ००१७ असेल तर सेन्सर बदलून काही होणार नाही. क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकलाय, टायमिंग चेन आधी तपासा. काही महागड्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये आवाजासाठी झडप असते, तिलाही 'एक्झॉस्ट व्हॉल्व्ह'च म्हणतात. तुमच्या गाडीत ती असण्याची शक्यता कमी.

प्रश्न : मित्र म्हणतो, ईजीआरला पत्रा मारून बंद कर, पिकअप वाढतो, कटकट संपते.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : कटकट संपत नाही. पत्रा मारला की प्रवाह थांबतो आणि पी ०४०१ येतो. तो लपवायला मग ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं, आणि वॉरंटी असेल तर ती गमावण्याची पाळी येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अशा फेरफाराला आडवं येतं, प्रदूषणाच्या मानकांसाठी कलम १९०(२) आहे. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर मोजला जातो, नायट्रोजन ऑक्साइड नाही, म्हणून पत्रा मारलेली गाडीही तिथे पास होते. मित्राचा विश्वास बहुधा त्यावरच असेल.

प्रश्न : मोबाइलला जोडायचा स्वस्त ओबीडी डोंगल पुरेसा आहे का?
— एक वाचक, माजिवडा

उत्तर : कोड वाचायला आणि फ्रीझ फ्रेम बघायला पुरतो. बऱ्याच गाड्यांत ईजीआरचा हुकूम आणि त्यातली चूक टक्क्यांत दिसते, तोही उपयोग मोठा आहे. व्हॉल्व्ह हलवून बघणं आणि लर्निंग यांना मात्र गाडीला लागू होणारा स्कॅनरच हवा. डोंगल घेतलात तर त्याच्यासोबत एक डिजिटल मल्टिमीटरही घ्या, आणि पार्किंगमध्ये गाडी रात्रभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा. काही डोंगल बॅटरी पीत राहतात.